आगीसाठी साठवलेले पाणी

जमिनीची खरेदीखते, वाटणीपत्रे, मृत्युपत्र, शाळा सोडल्याचे जुने दाखले अशी घरातील मोलाची कागदपत्रे आगीतून वाचावीत म्हणून जी अग्निरोधक तिजोरी आणली जाते, तिच्यातच काही वर्षांनी त्या कागदांना कुबट वास येऊ लागतो, कडांवर राखाडी-हिरवट बुरशी धरते आणि शाई फुटते, असा अनुभव अनेक कुटुंबांना येतो. याचा दोष सहसा तिजोरीच्या दर्जाला किंवा पावसाळ्याला दिला जातो. वस्तुतः तिजोरी आगीशी ज्या साधनाने झुंजते ते साधन पाणीच असते, आणि हे पाणी तिच्या भिंतींतच साठवलेले असते. ही एक गोष्ट नीट समजली की ओल कोठून येते, ती केव्हा वाढते आणि तिला आवर कसा घालावा, हे सारे प्रश्न सुटतात.

या विषयाचा विचार रिद्धपूरपासून सुरू करणे उचित ठरते, कारण लिहिलेला कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकवण्याची काळजी मराठीत जेथे फार पूर्वीपासून वाहिली गेली, त्या ठिकाणांत अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील हे गाव अग्रभागी आहे. महानुभाव पंथीय ज्याला परमेश्वरपूर म्हणतात त्या या गावी श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते, आणि त्यांच्याच सान्निध्यात तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरांच्या लीळा गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. या ग्रंथाची मूळ प्रत धाडीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या आधारे पाठ पुन्हा उभे केले, अशी पंथाची परंपरा सांगते. पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवलेल्या पोथ्या मठांतून जपल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केल्यानंतर हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले, आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केले. मधल्या सहा-सात शतकांत दर वर्षी एक, असे शेकडो पावसाळे या वाङ्मयावरून गेले, आणि ज्या प्रती आज हाती आहेत त्या प्रत्येक पावसाळ्यात कोणी ना कोणी कोरड्या ठेवल्या म्हणूनच आहेत. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, त्यामागेही हाच कोरडा राहिलेला कागद आहे.

घरातल्या कागदाचे मोल पोथीएवढे नसले तरी त्या घरापुरते ते कमी नसते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातील शाळेचा दाखला किंवा कोतवाल पंजीचा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा, उतारा यांवर आज नातवंडांचे शिक्षण अवलंबून राहते. सातबारा आता संगणकावर मिळतो, परंतु जुने वाटणीपत्र, मोडीतील खत किंवा हस्तलिखित करारनामा यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत सरकारी नस्त्या जळाल्या, तेव्हा कागद किती सहज नाहीसा होतो हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा वेळी घरात अग्निरोधक तिजोरी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र घरोघरी दिसणारे पत्र्याचे लोखंडी कपाट म्हणजे अग्निरोधक तिजोरी नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नुसता पत्रा उष्णता अडवत नाही, उलट ती झपाट्याने आत पोहोचवतो, आणि आतील कागद ज्वाला न लागताही करपून जातात.

अग्निरोधक तिजोरीच्या बाहेरच्या व आतल्या पत्र्यांमध्ये दोन-तीन बोटे जाडीचा थर भरलेला असतो. हा थर जिप्समचा, हलक्या काँक्रीटचा किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांचा असतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील तिजोरी बनवणाऱ्यांनी याच कामासाठी तुरटी वापरली, आणि तुरटी का वापरली हे मराठी घरातल्या स्वयंपाकघरातही समजून घेता येते. तुरटीचा कोरडा, काचेसारखा खडा तव्यावर ठेवला की तो आधी वितळतो, मग स्वतःच्याच पाण्यात खदखदू लागतो, त्यातून वाफ निघत राहते आणि अखेरीस तव्यावर हलकी, पांढरी, सच्छिद्र लाही उरते. औषधाला जी तुरटीची लाही वापरतात ती हीच. खडा हाताला ठणठणीत कोरडा लागत असला तरी त्याच्या वजनाचा सुमारे ४५ टक्के भाग पाण्याचा असतो, आणि हे पाणी स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असते. जिप्सममध्ये असे पाणी सुमारे २१ टक्के असते, म्हणजे दहा किलो जिप्समच्या थरात दोन लिटर पाणी दडलेले असते. त्याच जिप्समला भाजून त्यातील पाऊण पाणी घालवले की छताला आणि मूर्तींना वापरतात ते प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते.

आग लागली की तिजोरीच्या भिंती तापू लागतात आणि हे बांधलेले पाणी वाफ होऊन सुटते. पाण्याची वाफ होण्यास फार मोठी उष्णता लागत असल्याने जोवर पाणी शिल्लक आहे तोवर आगीची उष्णता त्यातच खर्ची पडते आणि आतील तापमान चढत नाही. कागद साधारणपणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास करपून पेटू लागतो. म्हणून कागदासाठीच्या तिजोरीची अमेरिकी मानकानुसार जी चाचणी होते, तिच्यात भट्टीचे तापमान तासाभरात सुमारे ९२७ अंशांपर्यंत नेले तरी तिजोरीच्या आत ते १७७ अंशांवर जाता कामा नये, अशी अट असते. पेन ड्राइव्ह, चुंबकीय फिती यांसारख्या साठवणीसाठीच्या मर्यादा याहून पुष्कळ खालच्या, ५२ ते ६६ अंशांच्या आहेत. त्यामुळे कागदाच्या तिजोरीत ठेवलेली संगणकीय साठवण आगीत वाचेलच असे मानता येत नाही. संगणकीय प्रत दुसऱ्या गावी, नातेवाइकाच्या घरी ठेवणे हेच अधिक भरवशाचे.

आता प्रश्न येतो तो आग न लागलेल्या वर्षांचा, आणि बहुतेक तिजोऱ्यांच्या वाट्याला सारी वर्षे तशीच येतात. जिप्सममधील स्फटिकात बांधलेले पाणी साध्या तापमानाला सुटत नाही, हे खरे आहे. पण हे थर ओले कालवून ओततात, आणि स्फटिकात न अडकलेले जास्तीचे पाणी काँक्रीटच्या किंवा जिप्समच्या छिद्रांत उरते. ते कित्येक महिने, कधी काही वर्षे, आतल्या पत्र्याच्या सांध्यांतून आणि भोकांतून हळूहळू आत झिरपत राहते. बाहेरच्या बाजूला जाड पत्रा आणि रंग असल्याने त्याला बाहेर पडण्याची वाट नसते. नव्या तिजोरीत पहिल्या एक-दोन वर्षांत ओल अधिक जाणवते ती यामुळेच. ज्या तिजोऱ्यांत पूरही शिरू नये म्हणून दाराला रबराची घट्ट पट्टी बसवलेली असते, त्यांत हा प्रकार अधिक तीव्र होतो, कारण जी पट्टी बाहेरचे पाणी अडवते तीच आतली वाफ कोंडून धरते.

ओलीचा दुसरा उगम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तो म्हणजे कागद स्वतः. तिजोरीतील हवेत किती पाणी असते याचा हिशेब केला तर तो नगण्य निघतो. तीस लिटरच्या छोट्या तिजोरीतील हवा ३० अंशांना वाफेने पूर्ण भरलेली असली तरी त्या वाफेचे वजन एका ग्रॅमच्या आत राहते. उलट कागद हा कापसाप्रमाणेच हवेतील दमटपणा शोषून घेणारा पदार्थ आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या तुलनेत प्रत्यक्षात असलेल्या वाफेचे प्रमाण, ५० टक्के असताना कागदात वजनाच्या सुमारे सहा-सात टक्के पाणी असते, आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते दहा टक्क्यांच्या घरात जाते. श्रावणात सर्दावलेले चार किलो कागद तिजोरीत ठेवून दार लावले, तर कोरड्या कागदापेक्षा दीडशे ग्रॅमच्या आसपास अधिक पाणी त्यांच्याबरोबर आत जाते. एवढे पाणी मग त्या बंद पेटीत कागदातून हवेत, हवेतून थंड पत्र्यावर आणि पत्र्यावरून पुन्हा कागदात फिरत राहते. रात्री बाहेरील भिंतीला टेकलेली बाजू थंड झाली की तिच्यावर बारीक दव धरते; दाराच्या आतल्या कडेला किंवा बिजागरीपाशी दिसणारा तांबूस गंज ही त्याची पहिली खूण असते.

बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतात. कोणतीही तिजोरी, कोणताही कागद त्यांपासून मुक्त नसतो. त्यांना रुजण्यासाठी अन्न, ऊब आणि ओल लागते. अन्न कागदाच्या तंतूंत, वहीच्या पुठ्ठ्याला लावलेल्या खळीत, चामडी पाठीत आणि सुती फितीत भरपूर असते, ऊब वऱ्हाडात बाराही महिने असते, त्यामुळे माणसाच्या हाती उरते ती फक्त ओल. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशी वाढत नाही. ती ७० ते ८० टक्क्यांवर काही दिवस टिकली की वाढ सुरू होते. आरंभी काहीच दिसत नाही, फक्त दार उघडताच बंद तळघरासारखा वास येतो. नंतर कापडी बांधणीच्या वहीवर, विशेषतः पाठीच्या घडीत जेथे खळ जास्त असते तेथे, बोटाने पुसता येईल अशी फिकट भुरी दिसते. तिरप्या उजेडात पाहिल्यास ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंची असल्याचे कळते. ही वेळ हातची गेली की रंग धरतो, आणि बुरशीने सोडलेले हिरवे, काळे, जांभळट डाग कागदाच्या तंतूंत उतरल्यावर ते निघत नाहीत. डागाखालचा कागद शोषकागदासारखा मऊ होतो आणि बोट लागताच झडतो. काजळीच्या शाईचा रंग अशा स्थितीतही पुष्कळ टिकतो, पण स्टँपपेपरवरील जांभळे शिक्के आणि दौतीतल्या निळ्या शाईच्या सह्या पसरून जातात, म्हणजे कागद उरला तरी त्याचा पुरावा उरत नाही.

वऱ्हाडचे हवामान या बाबतीत कोकणाहून वेगळे आहे, आणि त्यातच येथील कुटुंबांची मोठी सोय आहे. कोकणात हवा वर्षातील बराच काळ दमट असते. अमरावती-अकोल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते खरी, पण दिवाळीनंतर हवा झपाट्याने कोरडी होत जाते आणि फाल्गुन-चैत्रात दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. निसर्गाने दर वर्षी चार-पाच महिने फुकट दिलेले हे कोरडेपण कोणत्याही रसायनापेक्षा मोठे आहे. म्हणून तिजोरी भरण्याचा काळ पावसाळा नव्हे. नवी तिजोरी भर पावसात घरी आली तरी तिच्यात कागद घालण्याची घाई करू नये; हवा कोरडी झाल्यावर काही आठवडे दिवसा तिचे दार उघडे ठेवून थरातील पाणी निघू द्यावे, आणि कागदही सावलीत, वाऱ्यावर एक-दोन दिवस मोकळे पसरून मगच आत ठेवावेत. उन्हात ठेवू नयेत, कारण उन्हाने शाई विटते आणि जुना कागद ठिसूळ होतो. त्याउलट पावसाळ्यात ‘हवा लागावी’ म्हणून दार उघडे ठेवण्याची जी सवय पुष्कळ घरांत आहे ती अपाय करते, कारण त्या दिवसांत बाहेरची हवाच आतल्यापेक्षा ओली असते. मृगाच्या आधी बंद केलेले दार गरजेपुरतेच उघडावे आणि दसऱ्यानंतर निवांतपणे उघडावे, हा क्रम येथील ऋतूंना धरून आहे.

तिजोरीची जागाही महत्त्वाची ठरते. मोर्शी-वरूडचा संत्र्याचा पट्टा असो की दर्यापूर-अकोटकडचा कपाशीचा, या भागातील काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते. त्यामुळे जोत्यातून भिंतीत ओल चढते आणि खालच्या हात-दीड हातात रंगाचे पोपडे सुटलेले दिसतात. चोराच्या भीतीने तिजोरी नेमकी अशाच कोपऱ्यात, जमिनीला बोल्ट मारून बसवली जाते, आणि बोल्टसाठी तळाला पाडलेल्या भोकातून जमिनीची ओल थेट आत येते. बोल्ट आवश्यक असेल तर भोक सिलिकॉनने बुजवावे, तिजोरीखाली रबराचा तुकडा किंवा फळी घालून ती जमिनीपासून उचलावी, आणि मागे चार बोटे हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. न्हाणीघराची किंवा पावसाच्या माऱ्याची पश्चिमेकडील भिंत टाळून घरातील आतली भिंत निवडणे केव्हाही श्रेयस्कर.

ओल शोषण्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या वापरल्या जातात. नव्या बुटांच्या खोक्यात येणाऱ्या दोन-चार पुड्या तिजोरीत टाकून समाधान मानणे ही मात्र शुद्ध फसगत आहे. मध्यम आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी धरते. तेव्हा वर सांगितलेले दीडशे ग्रॅम पाणी शोषण्यास सहाशे ग्रॅम जेल लागेल. कागद आधीच कोरडे करून ठेवले तर मग थराची झिरप आवरण्यापुरते पाव किलो जेल पुरेसे होते. नारिंगी दाण्यांचे जेल घ्यावे, ते भरले की हिरवट होते. निळे जेल गुलाबी होते, पण त्यातील कोबाल्टचा क्षार अपायकारक असल्याने घरात ते टाळलेले बरे. भरलेले दाणे ११० ते १२० अंशांच्या भट्टीत दोन-तीन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. पाणी ओढून स्वतः पाणी होणारी कॅल्शियम क्लोराइडची डबी कागदाजवळ ठेवू नये. ती कलंडली तर एका रात्रीत दस्त भिजतो. डांबराच्या गोळ्या, कापूर, वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनी कसर आणि किडे दूर राहतात, पण ओल कमी होत नाही आणि बुरशीही थांबत नाही. या सर्वांपेक्षा उपयोगी वस्तू म्हणजे काही शे रुपयांना मिळणारा छोटा आर्द्रतामापक, कारण आत ५० टक्के आहे की ७५ टक्के हे नाकाने ठरवता येत नाही.

प्लास्टिकच्या बाबतीत एक विसंगती आहे, आणि तिजोरी विकताना ती कोणी सांगत नाही. कोरडा कागद पिशवीत बंद केला तर थराच्या ओलीपासून तो वाचतो. परंतु आग लागल्यावर तिजोरी आतील तापमान १७७ अंशांपर्यंतच रोखण्याचे वचन देते, आणि साधी पॉलिथिनची पिशवी त्याच्या पुष्कळ आधी, ११०-१३० अंशांच्या दरम्यानच वितळते. म्हणजे कागद जळणार नाही, पण वितळलेले प्लास्टिक त्याला कायमचे चिकटेल. लॅमिनेशन केलेल्या दाखल्यांचे याहून वाईट होते. शिवाय सर्द कागदावर लॅमिनेशन केले तर ओल त्याच्या आतच कोंडते आणि तो सोलून कोरडा करण्याचा मार्गही बंद होतो. पीव्हीसीच्या पारदर्शक फोल्डरला छापील शाई चिकटून उठते. पॉलिएस्टरची फिल्म सुमारे २५० अंशांपर्यंत वितळत नाही, म्हणून अभिलेखागारांत वापरतात तसे पॉलिएस्टरचे आवरण मिळाल्यास उत्तम. ते न मिळाल्यास सुती कापड.

सुती कापडाचा हा पर्याय नवा नाही. पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून, कापडात गुंडाळून, दोरीने घट्ट आवळून ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यातील कापडाला बासन म्हणतात. पेशवे दफ्तरातील कागदांचे गठ्ठेही रुमालांच्याच हिशेबाने मोजले जातात. ‘बासनात गुंडाळणे’ याचा अर्थ आज एखादी गोष्ट विसरून टाकणे असा झाला असला, तरी मूळ कृती जपणुकीची होती आणि तिच्यामागे पक्का विचार होता. कापडाचे दोन-तीन पदर बाहेरचा दमटपणा आधी स्वतःत घेतात आणि हवा कोरडी झाली की परत सोडतात, त्यामुळे आतील पानांना एकाएकी झटका बसत नाही. आवळलेल्या पानांमध्ये हवा कमी राहते, म्हणून ओल फक्त कडांनाच लागते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तिला तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून जपण्याची विनंती लिहीत, ती याच अनुभवातून. तिजोरीत दस्त उभे, सुटे किंवा कोंबून ठेवण्यापेक्षा ते आडवे, फळीच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून आणि कापडात बांधून ठेवले, तर तिजोरीच्या आत आणखी एक रक्षक उभा राहतो.

एवढे करूनही बुरशी दिसली तर प्रथम ते कागद इतरांपासून वेगळे करावेत. दम्याच्या किंवा ॲलर्जीच्या रुग्णाने हे काम करू नये, इतरांनीही नाकातोंडाला मास्क लावावा. ओल्या फडक्याने पुसणे ही सर्वांत मोठी चूक, कारण त्याने बीजाणू तंतूंत घासले जातात आणि डाग पसरतो. कागद सावलीत, पंख्याचा झोत थेट अंगावर न येऊ देता पूर्ण वाळवावेत. वाळल्यावर बुरशी कोरडी, भुकटीसारखी होते, आणि मग घराबाहेर मऊ कुंचल्याने, आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने ती झाडता येते. पाने एकमेकांना चिकटली असतील तर ती ओढून सोडवण्याचा प्रयत्न न करता जाणत्या संधारकाकडे द्यावीत. रिकामी तिजोरी स्पिरिटने आतून पुसून, पुरती कोरडी होईपर्यंत उघडी ठेवावी. जुनी वेष्टने पुन्हा वापरू नयेत, आणि नवे मांजरपाट आणल्यास ते गरम पाण्यात दोनदा धुवून त्यातील खळ पार काढून टाकावी, कारण कोऱ्या कापडातील ती खळ हेच बुरशीचे पहिले अन्न असते.